पात्यावर काय लिहिलंय ते सोडा, धार कशी जाते ते सांगा

या वेळी सुऱ्यांचेच प्रश्न इतके आलेत की बाकी सगळं बाजूला ठेवलं. बहुतेकांचा सूर एकच, महागडी सुरी घ्यायची नाहीये पण स्वस्तातली घेऊन फसायचंही नाहीये, तर पोलाद चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं आणि धार टिकेल का हे आधीच कळतं का. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे प्रश्न मोठा होता तिथे कापून छोटा केलाय, राग मानू नका.

प्रश्न: ताई, एका सुरीवर ८सीआर१३एमओव्ही असं कोरलंय आणि बॉक्सवर ५८ एचआरसी. दुसरीवर नुसतं ४४० स्टेनलेस. तिसरीवर काहीतरी एक्स५० ने सुरू होणारं लांबलचक नाव, आणि विकणारा म्हणतो हे जर्मन म्हणजे बेस्ट. यातून खरंच काही कळतं का?

कळतं, पण विकणारा भासवतो तेवढं नाही. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पद्धतीचं नाव आहे, पहिला आकडा कार्बनचा म्हणजे साधारण ०.८ टक्के, सीआर१३ म्हणजे क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, आणि पुढे मॉलिब्डेनम नि व्हॅनेडियम चिमूटभर. त्याच हिशोबाने ३सीआर१३ मध्ये कार्बन ०.३ टक्के आणि ९सीआर१८एमओव्ही मध्ये ०.९ च्या घरात. तुमचं ते लांबलचक नाव एक्स५०सीआरएमओव्ही१५ असणार, त्यात ५० म्हणजे ०.५० टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम, म्हणजे चिनी ५सीआर१५एमओव्ही आणि हे जर्मन पोलाद कागदावर जवळपास एकच. ४४० चं म्हणाल तर पुढे ए, बी की सी हे अक्षर लागतं, ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५, बी मध्ये ०.७५ ते ०.९५, सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के, आणि सी असेल तर बनवणारा ते अक्षर लपवून ठेवणार नाही, त्यामुळे अक्षर नसेल तर मी सरळ ए समजून चालते.

कार्बनचं एवढं का, तर पोलाद किती कडक होऊ शकतं ते मुख्यतः त्याच्यावर ठरतं. ०.३ टक्केवाल्याला कितीही चांगलं पाणी दिलं, म्हणजे तापवून झपकन थंड करून कडक केलं, तरी एचआरसी ५२ ते ५४ च्या आसपासच घुटमळतं. आणि हे एचआरसी म्हणजे कडकपणाचं माप, काढायचं कसं तर हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादात दाबायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं, कमी गेला तर आकडा जास्त. युरोपियन धाटणीच्या किचन सुऱ्या साधारण ५४ ते ५८, पातळ जपानी सुऱ्या ६० आणि वर. बॉक्सवरचा ५८ बहुतेक वेळा रेंजमधला वरचा आकडा असतो, ५६ ते ५८ असं धरा आणि निवांत राहा.

पण हे सगळं झालं साहित्य, कृती नाही. तेच ४४०सी नीट तापवून, झपकन थंड करून, मग योग्य तापमानाला परत थोडं मऊ केलं तर ५८-५९ ला मस्त काम करतं, आणि घाईत उरकलं तर ५३ वर लोळतं, नाव मात्र दोन्हीकडे ४४०सीच. याला इतिहासातलं चांगलं उदाहरण आहे. हॅरी ब्रेअर्ली म्हणून इंग्लंडमधल्या शेफिल्डचा धातुतज्ज्ञ, १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी प्रयोग करताना त्याला १३ टक्क्यांच्या जवळ क्रोमियम असलेलं न गंजणारं पोलाद मिळालं आणि त्याच्या डोक्यात आलं की याच्या सुऱ्या करू. सुरुवातीच्या सुऱ्या कापतच नव्हत्या, लोक त्याला न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून चिडवायचे. कारण कारागिरांचा हात साध्या कार्बन पोलादावर बसलेला, ते साधारण ८०० अंशांना तापवून थंड केलं की झालं, आणि या नव्या पोलादाला हजार अंशांच्या आसपास न्यावं लागतं. पोलादात खोट नव्हती, पाणी देण्यात होती. शंभरावर वर्षं झाली तरी स्वस्त सुऱ्यांची अर्धी भानगड अजून हीच आहे.

म्हणून नाव वाचा ते फक्त खालची पायरी गाळण्यासाठी. ३सीआर१३, ४२०जे२, किंवा नुसतं 'सर्जिकल स्टील', 'हाय कार्बन', 'प्रीमियम स्टील' (ही पोलादाची नावंच नाहीत, जाहिरात आहे) असं दिसलं की पुढे चला. कार्बन ०.५ च्या वर असेल तर नाव वाचणं थांबवा आणि बाकीचं बघा.

प्रश्न: नवी सुरी आणली, पहिल्या दिवशी हातावरचे केस उडवत होती. आठवड्यात बोथट. फसवलं गेलंय का?

बहुतेक नाही, आणि पोलादाला शिव्या देण्याची घाई तर अजिबात करू नका. कारखान्यात धार जोरात फिरणाऱ्या पट्ट्यावर लावतात, काही सेकंदांचं काम, आणि त्यात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे धारेच्या टोकाला पोलादाचा अतिशय पातळ पापुद्रा उभा राहतो, याला बर म्हणतात. तो कागद सपासप कापतो, केसही उडवतो, आणि फळीवर चार वेळा आपटला की वाकतो किंवा तुटून जातो आणि मागे उरतं ते बोथट टोक. दुसरं म्हणजे पाणी न घालता घासल्यामुळे ते केसाएवढं टोक क्षणात तापतं, आणि तापलं की तिथला कडकपणा जातो, पातं बाकी सगळीकडे ठीक पण नेमकी धारेची रेघ मऊ. रंग बदललेला दिसेलच असं नाही, कारण वरून पॉलिश मारलेलं असतं.

तेव्हा ती पहिली धार कारखान्याची, तुमच्या सुरीची नाही. दगडावर पाणी घालून हाताने दोनतीनदा नीट धार लावा, दर वेळी बर पूर्ण काढा, म्हणजे तापलेला भाग घासून जाईल आणि आतलं चांगलं पोलाद धारेवर येईल. मग मोजा किती टिकते ते. मला लोक विचारतात की अमुक सुरी कशी आहे, मी विचारते किती वेळा धार लावलीत, उत्तर येतं अजून एकदाही नाही. मग त्या सुरीबद्दल अजून कुणालाच काही माहीत नाही, तुम्हालाही नाही आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्यालाही नाही.

बर गेली की नाही हे बघायचं असेल तर अंगठ्याचं बोट पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवा, धारेच्या बाहेर. धारेवरून लांबीच्या दिशेने नाही हं, कापून घ्याल. एका बाजूला खरखर अडकली आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत लागलं तर बर आहे.

प्रश्न: घरच्या घरी पोलाद ओळखायच्या काही टेस्ट? लोहचुंबक लावून बघायचा, वाकवून बघायचं, टिचकी मारून आवाज ऐकायचा असं बरंच ऐकलंय.

लोहचुंबक जवळजवळ प्रत्येक सुरीला चिकटतो, घटिया असो की उत्तम, कारण पाणी घेऊन कडक होणारं पोलाद हे चुंबकाला धरणारंच असतं. न चिकटणारं स्टेनलेस चमच्यांचं आणि भांड्यांचं, ते कडक होतच नाही. म्हणजे चिकटला नाही तर सुरी परत ठेवा, चिकटला तर काहीच सिद्ध झालं नाही.

वाकवण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. पातं सहज वाकलं म्हणजे पोलाद मऊ, असं नसतं. मऊ असो की कडक, ठरावीक जाडीचं पातं थोडंसं वाकवायला जवळपास तेवढाच जोर लागतो, लवचिकता ही जाडीची गोष्ट आहे. फरक सोडल्यावर कळतो, कडक पातं सरळ परत येतं आणि मऊ पातं बाक धरून बसतं. पण विकत घ्यायच्या आधी हे करून बघू नका.

आवाजाची टेस्ट म्हणजे टाइमपास. मूठ कशी बसवलीय त्यावर आवाज ठरतो.

कानस मात्र कामाची आहे. चांगली कानस ६२ ते ६५ एचआरसीची असते. पात्याच्या मुठीजवळच्या कोपऱ्यात, जिथे धार वापरत नाही तिथे, हलक्या हाताने ओढून बघा. चावा घेऊन भुगा काढायला लागली तर पातं बरंच मऊ, नुसती घसरत गेली तर ६० च्या पुढचं. मधलं सगळं हाताच्या अंदाजाचं, आणि एक माहितीतली सुरी शेजारी ठेवून तुलना केली तरच अंदाज बरोबर येतो. ४० ते ६५ अशा पाच-पाच एचआरसीच्या टप्प्याने बनवलेल्या टेस्टिंग कानशींचा सेटही मिळतो, पण एका घरगुती सुरीसाठी तो घेण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न: माझ्याकडे तीन सुऱ्या आहेत, तिन्ही साधारण एकाच किंमतीच्या. एकीची धार रोज जाते पण रॉडवर (धार सरळ करायच्या सळईवर) दोनदा फिरवली की परत येते. दुसरीची एकदा गेली की रॉडने काहीच होत नाही. तिसरी मधेच अडकते, कागद कापताना ठरावीक जागी फाडते. यातली चांगली कुठली?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला कारण तुम्ही नकळत बरोबर जागी बघताय. धार टिकते की नाही एवढंच सगळे विचारतात, ती कशी जाते हे कुणी विचारत नाही, आणि पोलादाबद्दल जे काही कळायचं ते तिथेच कळतं.

पहिली सुरी, रोज जाते आणि रॉडवर परत येते, म्हणजे धार झिजलेली नाही, एका बाजूला कलंडलीय. रॉड काही धार लावत नाही, मुख्यतः कलंडलेली धार उभी करतो. आता कलंडण्याची कारणं दोन, पोलाद मऊ असेल किंवा मग धारेचा कोन त्या पोलादाला झेपणार नाही इतका पातळ असेल. हे वेगळं कसं करायचं, तर पुढच्या वेळी दगडावर कोन थोडा वाढवा. समजा प्रत्येक बाजूला १५ अंश होता तर १८-२० करा. अंश मोजायला काही लागत नाही, पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १२ मिलिमीटरच्या आसपास उचलली की १५ अंश झाले, १५ मिलिमीटर उचलली की २० च्या जवळ. कोन वाढवल्यावर कलंडणं थांबलं तर पोलाद ठीक आहे, फक्त त्याची मर्यादा तुम्हाला कळली. २० अंशांवरही रोज कलंडत असेल तर मात्र मऊ आहे हे पक्कं, आणि दुसरं पोलाद आणण्याशिवाय त्याला इलाज नाही. तरी फेकू नका, रॉड जवळ ठेवून वापरणाऱ्याला अशी सुरी वर्षानुवर्षं चालते, धंदेवाईक किचनमधली कितीतरी माणसं मुद्दाम ५६ च्या आसपासचीच सुरी धरतात कारण ती दोन सेकंदात पुन्हा उभी राहते.

दुसरी, रॉडने काहीच होत नाही ती. दिव्याखाली धार डोळ्यांसमोर आडवी धरून बघा. नीट धार लावलेल्या सुरीची धार दिसतच नाही, प्रकाश परतवायला तिथे जागाच नसते. तुमच्या सुरीवर मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी बारीक चकचकीत रेघ दिसेल असा माझा अंदाज आहे. ती झिजलीय, सगळीकडे समान गोल झालीय. ऐकायला वाईट वाटतं पण पोलादाचं हे सगळ्यात सरळ मरण आहे, ना वाकलं ना तुटलं, कापता कापता घासून गेलं. आता ती किती दिवसांनी झिजली एवढाच प्रश्न, आणि तो खूप लवकर होत असेल तर पात्यात झीज सोसणारे कार्बाइडचे (कार्बन आणि क्रोमियमसारखे धातू मिळून बनलेले) कडक कण कमी आहेत. तीनमधली एक ठेवायची झाली तर मी हीच ठेवेन. फक्त बघा की वापरून ओली तर पडून राहत नाही ना, कारण धारेवर गंजाचा अगदी सूक्ष्म थर आला तरी अशीच एकसारखी बोथट होते, आणि हे स्टेनलेसलाही होतं, आंबट रस लागून तशीच राहिली तर. न वापरताच धार गेली असं जे लोक सांगतात ना, त्यांचं बहुतेक वेळा हेच असतं.

तिसरी, अडकणारी. दिव्याखाली रेघ दिसणार नाही, सुटे चमकणारे ठिपके दिसतील, तिथे धारेचे बारीक तुकडे उडालेत. कारणं बरीच. पोलाद जास्त कडक राहिलंय आणि नंतरचं मऊ करणं कमी पडलंय, किंवा कार्बाइडचे कण मोठे आहेत, किंवा कोन फार पातळ, किंवा तुम्ही धार फळीत रुतलेली असताना सुरी आडवी वळवता, किंवा फळीच काचेची नाहीतर दगडाची आहे. शेवटच्या दोन आधी तपासा कारण त्या फुकटात सुटतात. काच, दगड, चिनी माती, स्टीलची ताटली, यांच्यावर कापलं तर जगातली कुठलीच सुरी टिकणार नाही आणि तुम्ही उगाच पोलादाचा अभ्यास करत बसाल. चिरलेलं गोळा करायलाही धारेने फळी खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने ओढा, ही एक सवय पोलादाच्या एका ग्रेडइतका फरक पाडते असं माझं स्पष्ट मत आहे.

फळी बरोबर, हात बरोबर, तरी तुकडे उडतायत, तर कोन वाढवून दोनतीनदा धार लावा. थांबलं तर मघाशी सांगितलेली कारखान्याची बिघडलेली धार होती किंवा कोनच चुकीचा होता. नाही थांबलं तर पाणीच बिघडलंय.

सुऱ्या घडवणारे लोक यासाठीच पितळेच्या गजाची परीक्षा घेतात. धार गजावर तिरकी टेकवून हलका दाब द्यायचा, धार किंचित फुगते ते डोळ्यांना दिसतं, दाब काढला की परत आली तर पाणी बरोबर, तशीच वाकलेली राहिली तर मऊ, तुटली तर ठिसूळ. तुमच्या तीन सुऱ्यांनी घरात तेच करून दाखवलंय, फक्त जास्त दिवस लावून.

प्रश्न: दोन सुऱ्यांची धार कुणाची जास्त टिकते याची घरी नीट तुलना करता येईल का? व्हिडिओत पुठ्ठा किंवा दोर कापून दाखवतात ते खरं असतं का?

खरं असतं पण अर्धंच. दोन्ही सुऱ्यांना एकाच दगडावर, एकाच कोनात, एकाच हाताने धार लावलेली नसेल तर ती पोलादाची नाही, कारखान्यांच्या धारांची शर्यत झाली. आणि कोनाचा फरक पोलादाच्या फरकाला सहज गिळतो, तेच पोलाद पातळ कोनात लावलं की तुकडे उडत नाहीत तोवर जास्त वेळ कापतं. म्हणून कोन समान हवाच. मार्करने दोन्ही पात्यांवर सारख्या लांबीचा पट्टा आखा, तेवढ्याच भागाने एकाच पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, मधे मधे पातळ कागद कापून बघा, आणि ज्या क्षणी कागद कापायच्या ऐवजी फाटायला लागला तिथे थांबून पट्ट्या मोजा. पुठ्ठ्याचा गठ्ठा बदलला की निकाल बदलतो, तेव्हा एकाच खोक्याचा घ्या.

प्रयोगशाळेत याचंच शिस्तीतलं रूप आहे, शेफिल्डच्या कॅट्रा संस्थेचं यंत्र, ते ५ टक्के सिलिका मिसळलेला कार्ड ठरावीक दाबाने कापत जातं आणि एकूण किती कापलं ते मोजतं, आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा त्यावरच आहे. पण सिलिका म्हणजे वाळूच, म्हणजे तिथे मोजली जाते ती झीज. किचनमध्ये धार झिजून कमी जाते, फळीवर आपटून, कलंडून आणि ओलीने जास्त जाते. त्यामुळे कार्डावर जिंकलेलं पोलाद तुमच्या हातात हरू शकतं, आणि यात यंत्राची चूक काही नाही.

माझ्या मते पुठ्ठ्याच्या शर्यतीपेक्षा महिनाभर दोन्ही सुऱ्या एक दिवसाआड वापरा आणि दर आठवड्याला दिव्याखाली धार बघा. कंटाळवाणं आहे, व्हिडिओ नाही होणार त्याचा.

प्रश्न: ऑनलाइन डी२ पोलादाची सुरी स्वस्तात मिळतेय, सगळे म्हणतात धार महिनोन्‌महिने टिकते. घेऊ का?

कशासाठी? दोर, पुठ्ठा, प्लास्टिकच्या पट्ट्या कापायला खिशातली सुरी हवी असेल तर घ्या, खुशाल घ्या. डी२ मुळात पत्रा कापायच्या डायसाठीचं पोलाद, कार्बन १.५ टक्के आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, कार्बाइडचे कण भरपूर आणि मोठे, झिजायला खरंच वेळ लागतो. पण ते मोठे कण पातळ धारेत बसत नाहीत, उपटून येतात आणि मागे खड्डा सोडतात. शिवाय १२ टक्के क्रोमियम वाचून स्टेनलेस समजू नका, त्यातला मोठा हिस्सा कार्बाइडमध्येच अडकलेला असतो, ओलं ठेवलं की डाग पडतात. आणि बोथट झाली की साध्या दगडावर घाम निघतो, डायमंडची प्लेट लागते. रोज भाजी चिरायची असेल तर याच्यापेक्षा स्वीडिश १४सी२८एन बघा, कार्बन ०.६२, क्रोमियम १४, आणि थोडा नायट्रोजन. कण अतिशय बारीक, पातळ धार धरतं, सहज गंजत नाही, दगडावर पटकन लागतं. डी२ इतकी टिकणार नाही. पण पाच मिनिटांत परत तयार होते, आणि स्वस्त सुरीत मला तरी हे जास्त मोलाचं वाटतं.

प्रश्न: दमास्कसची नक्षी असलेली सुरी, आणि काळ्या टायटॅनियम कोटिंगची, यांची धार जास्त टिकते का?

नाही आणि नाही. नक्षी खरी असली, म्हणजे वेगवेगळ्या पोलादाचे थर जोडून आलेली, तरी ती बाजूच्या थरांची, कापतो तो मधला गाभा, तेव्हा गाभा कुठल्या पोलादाचा ते विचारा, उत्तर आलं नाही तर समजून जा. स्वस्तातल्या बऱ्याच सुऱ्यांवर तर ती लेझरने नुसती उमटवलेली असते, पाठीवर बघा, खऱ्या थरांच्या रेघा तिथेही दिसतात. कोटिंगचं म्हणाल तर धार घासताना धारेवरचं कोटिंग निघूनच गेलेलं असतं.

प्रश्न: बजेट कमी असेल तर साधं कार्बन पोलाद घ्यावं की स्टेनलेस? आमच्याकडे यावरून वाद आहे.

वाद सुटायचा नाही कारण दोघंही बरोबर असणार. साध्या कार्बन पोलादाला, समजा १०९५ म्हणून येतं ते, ०.९५ टक्के कार्बनवालं, नीट पाणी देणं सोपं असतं, छोट्या कारखान्यालाही जमतं, म्हणून त्याच पैशात कडक आणि पातळ धार मिळायची शक्यता जास्त. दगडावर तर लोण्यासारखं लागतं. पण आंबट काही चिरलं की काळं पडतं, ओलं राहिलं की तांबेरतं, आणि गंजाने धारही जाते हे वर सांगितलंच. वापरली की लगेच पुसणारं माणूस घरात एकच असेल आणि सुरी चार जणांच्या हाती असेल तर स्टेनलेस घ्या, ५सीआर१५एमओव्ही किंवा ८सीआर१३एमओव्ही, आणि डिशवॉशरमध्ये मात्र दोन्ही टाकू नका.

प्रश्न: फोर्ज्ड, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या सुरीची धार स्टँप केलेल्या, म्हणजे पत्र्यातून कापलेल्या सुरीपेक्षा जास्त टिकते ना?

नाही. पत्र्यातून कापलेल्या कितीतरी सुऱ्या उत्तम निघतात. पाणी आणि कोन बघा.

प्रश्न: सुरी दोन वर्षं छान चालली, आता नियमित धार लावूनही पूर्वीसारखी कापत नाही. कागद कापते पण टोमॅटोपलीकडचं काही जाड घेतलं की रुतते. मी ओढायचं शार्पनर वापरतो. पोलाद संपलं का?

पोलाद संपत नाही, पातं जाड झालंय. सुरी पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असते, तुम्ही दर वेळी धार घासत वर वर सरकलात आणि आता धार त्या जाड भागात पोचलीय. ओढायच्या शार्पनरने हे लवकर होतं कारण ते एका ठरावीक कोनात पोलाद खरवडून काढतं, धारही ओरखड्यांची आणि असमान सोडतं. व्हर्नियर मिळाला तर धारेच्या किंचित वरची जाडी मोजा, चांगल्या किचन सुरीत ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते, तुमची एकच्या जवळ गेली असेल. स्वस्तातल्या बऱ्याच सुऱ्या तर नव्या असतानाच ०.८ च्या पुढे असतात, आणि लोक त्यांना पोलाद वाईट म्हणून हिणवतात, खरं दुखणं जाडीचं.

खरबरीत दगड घ्या, २२० ते ४०० ग्रिटचा (आकडा जितका कमी तितका दगड खरबरीत), आणि सुरी जवळजवळ आडवी, पाठ जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उचलून, धारेच्या वरचा भाग दोन्ही बाजूंनी घासा. वेळ लागतो, पाणी घालत राहा, पात्यावर ओरखडे येतील ते येऊ देत. घासता घासता धारेची पट्टी अरुंद होत जाईल, जवळजवळ नाहीशी झाली की थांबा आणि मग १००० च्या दगडावर नेहमीच्या कोनात धार लावा. आणि ते शार्पनर कात्रीसाठीही वापरू नका.